धुऱ्यातली रिकामी जागा

बसा. लाइट बाराला यायची आहे, म्हणजे साडेबाराच्या आत येत नाही. मोटरीकडे टक लावून उभं राहिलं म्हणून गव्हाला पाणी मिळत नसतं. आणि भागवत, ती तंबाखूची डबी ठेव खिशात. तीस वर्षं मास्तरकी केली, चुन्याला कधी बोट लावलं नाही. आता म्हातारपणी तुझ्या हातून सुरुवात करू काय?

मघाशी तो व्हिडिओ पाहून तुमचं काय चाललं होतं? रविवारी कोळदरीला जायचं म्हणे. डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांची शेती, खाली ढग, वर बासरी. बासरी! नऊ वर्षं होतो मी त्या गावच्या शाळेवर. बासरी एकदाही ऐकली नाही. ऐकली ती कुदळ. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत.

जा, खुशाल जा. मी कोण अडवणारा? फक्त एक सांगा. तिथं रस्ता संपतो तो उतारावर. गाडी उभी केली तर चाकाला काय लावाल?

दगड. वा! अरसलान, तू तरी बरा निघशील असं वाटलं होतं.

आमच्या जावयानंही दगडच लावला होता.

राजकुमार. नाव बघा आणि माणूस बघा. तोंडावर मी 'अहो जावईबापू' म्हणतो, म्हणावंच लागतं. पण आत्ता तो बुलढाण्यात झोपलाय आणि मी माझ्या वावरात बसलोय, तेव्हा बोलतो. प्लॉट विकण्याचा धंदा. पायात पांढरे बूट, तेही घाटात! गिऱ्हाइकाशी पुणेरी बोलणार आणि चिडला की वऱ्हाडी बाहेर पडणार. लहानपणी कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये हात घालून उजवी करंगळी अर्धी करून आलेला. कशात हात घालावा आणि कशात घालू नये, एवढी साधी अक्कल ज्याला करंगळी देऊनही आली नाही, त्याला मी मुलगी दिली. म्हणजे माझीही अक्कल मोजा.

तर दोन हजार एकवीस साल. डिसेंबरची अकरा तारीख, शनिवार. मार्गशीर्षातली अष्टमी. तारीख मी विसरणार नाही, कारण माझी लेक सुचिता तेव्हा आठव्या महिन्यात होती आणि बाळंतपणाला मोताळ्याला आमच्याकडे आली होती. राजकुमार दुपारी दोनला आला. बायकोला भेटायला आला असेल असं तुम्हाला वाटेल. तिला पण तसंच वाटलं. साहेब चालले होते कोळदरीला, वाटेत घर लागलं म्हणून थांबले.

त्याच्या डोक्यात नवीन खूळ होतं. कोळदरीच्या टप्प्यांवर कुडाच्या झोपड्या बांधायच्या आणि शहरातल्या लोकांना रात्रीच्या भाड्यानं द्यायच्या. सकाळी त्यांच्या हातात कुदळ द्यायची, फोटो काढायचे. मी म्हटलं, "अहो, तिथली माणसं आयुष्यभर हेच करतात, त्यांचा फोटो कुणी काढला नाही." तर हसून म्हणाला, "मामा, तुमची माहिती जुनी झाली."

सुचिता म्हणाली, "बाबा, तुम्हीपण जा ना सोबत. तुम्ही त्या गावात राहिलेले आहात."

मी गेलो नाही. माझी माहिती जुनी होती ना.

आता ऐका, ती जुनी माहिती काय होती. कोळदरीला सपाट जमीन नाही. डोंगर फोडून टप्पे केलेत, प्रत्येक टप्प्याच्या कडेला नुसत्या दगडांचा धुरा. आपल्या वावराचा धुरा म्हणजे मातीचा बांध, बैलसुद्धा ओलांडतो. तिथला धुरा पुरुषभर उंच. ना सिमेंट, ना चिखल, दगडावर दगड. तो पडला की वरची माती खाली, आणि वरच्याची खाली आली की खालच्याचं पीक गाडलं गेलं. म्हणून गावात कुणी वारलं की ती माणसं एक दगड आणतात. तिरडी उचलण्याआधी मेलेल्याचा उजवा हात चुन्यात बुडवतात, त्या दगडावर त्याचा पंजा उमटवतात, आणि तेराव्या दिवशी तो दगड त्याच्याच वावराच्या धुऱ्यात बसवतात. जिवंतपणी माती धरली, आता मेल्यावरही धर. पहिल्या पावसाळ्यात चुना धुऊन जातो. पंजा गेला की म्हणायचं, माणूस बसला.

तो दगड कुणी काढत नाही. चुकून निघालाच, तर ज्यानं काढला त्यानंच, दिवस मावळायच्या आत, आपल्या हातानं परत बसवायचा. नाही बसवला तर ती जागा काढणाऱ्याला भरून द्यावी लागते.

हे त्याला सांगायला मला किती वेळ लागला असता? चहा पिता पिता सांगून झालं असतं. मी सांगितलं नाही. होऊ दे फजिती, असं मनात होतं. खोटं कशाला बोलू, मजा येत होती मला.

तो गेला. तीनच्या सुमाराला कोळदरीला पोचला. रस्ता संपला तिथं उतारावर गाडी उभी केली. गाडी जुनी घेतलेली, वरून चकाचक आणि हँडब्रेक ढिला. मालकासारखीच. उतरला, हाताशी शालूबाईचा धुरा होता. त्यातून एक चांगला चपटा दगड ओढून काढला, मागच्या चाकाला लावला आणि चालला वर, मोबाईल समोर धरून.

शालूबाई म्हणजे पंजाबरावांची बायको. साठी ओलांडलेली, एकटी. चार अरुंद टप्पे तिचे, वरच्या तिनांत तूर, खालच्यात हरभरा. मी तिथं होतो तेव्हा पंजाबराव होते. शाळेची भिंत पडली तेव्हा त्यांनी एकट्यानं दोन दिवसांत रचून दिली. चहाशिवाय काही घेतलं नाही. दोन हजार सोळाला गेले.

राजकुमारनं तिला तासभर झोपड्यांचं समजावलं. ती ऐकत होती आणि तूर बघत होती. मग दोघं खाली आले. साडेपाच वाजलेले. सूर्य डोंगराला टेकलेला. तिनं आधी धुऱ्यातलं भगदाड पाहिलं, मग चाक पाहिलं.

"बाबू, हा दगड तुनं काढला काय?"

"हो आजी. गाडी सरकत होती."

"जठून काढला तठी ठुव. तुह्याच हातानं. दिस बुडाच्या आंधी. आमचे हे हायेत ते."

राजकुमारनं दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि हसला. "आजी, डोंगरभर दगड पडून राह्यले. दुसरा लावून घे ना."

"दुसरा नाही चालत, बापू. पाया पडतो तुह्या, आपल्या हातानं ठुव."

मला हे तिनंच सांगितलं. माझ्या आईच्या वयाची नसली तरी मोठ्या बहिणीच्या वयाची बाई. ती त्याच्या पाया पडायला वाकली. आणि ह्याला फोन आला. फोनवर बोलत बोलत गाडीत बसला, गाडी काढली. चाक दगडावरून गेलं. दगड उडाला, रस्त्याच्या कडेला आपटला आणि खाली नाल्यात गेला. तिनं आवाज ऐकला. मग काही दिसेना, कारण दिवस बुडाला होता.

सात वाजता मला तिचा फोन. गावात एकाचा मोबाईल होता त्यावरून. "गुरुजी, तुमच्या जावयाले पाठवा वापस. माती सुटून राह्यली."

मी राजकुमारला लावला. तो राजूरच्या अलीकडे एका ढाब्यावर दोस्ताबरोबर जेवत होता. मी सगळं सांगितलं. तेव्हा! जेव्हा उपयोग नव्हता तेव्हा. तो मोठ्यानं हसला, दोस्तालाही ऐकवलं. "मामा, तुम्ही मास्तर होते न? मास्तर!" आणि ठेवला.

बरं. मीही ठेवला. जेवलो. सुचिताला काही बोललो नाही.

आता पुढचं त्याच्या तोंडचं आहे. एकदाच सांगितलं त्यानं, परत कधी नाही.

रात्री पावणेदहाला तो ढाब्यावरून निघाला. राजूर घाट चढायला लागला. अष्टमीचा चंद्र होता, रस्ता दिसत होता. दुसऱ्या वळणानंतर गाडी चढेना. इंजिन चालू, पहिला गिअर, आणि गाडी मागे. ब्रेक दाबला. तरी मागे. हळूहळू. कुणी कासरा धरून ओढावा तशी.

हँडब्रेक ओढून तो उतरला. चाकाला लावायला दगड शोधू लागला.

घाटात, बरं का. राजूर घाटात. जिथं दरड खाली येते, जिथं दगडाशिवाय दुसरं काही नाही. तिथं त्याला हाताशी येईल असा एक दगड सापडेना. मोबाईलच्या उजेडात पाहिलं. माती. गवत. माती.

गाडी सरकतच होती. मागे वळण. वळणाच्या पलीकडे दरी.

आणि थांबली.

तो मागे गेला. चाकाला पाठ लावून एक म्हातारा बसला होता. गुडघे पोटाशी. पाय रोवलेले. डोक्याला पांढरं फडकं. तोंड दरीकडे.

राजकुमारला वाटलं, राजूरचा कुणी असेल. देवासारखा धावून आला. "लय मदत झाली, बाबा," तो म्हणाला.

म्हातारा वळला नाही.

"बस गाडीत. मी धरून हाय."

राजकुमार बसला. चावी फिरवली. मागून आवाज आला. शांत. जवळून.

"मी धरून हाय... पण माही जागा कोन धरन?"

त्यानं आरशात पाहिलं. पांढरं फडकं दिसलं. गाडीत मागचा कॅमेरा होता, समोर त्याचा पडदा. पडद्यावर पाहिलं. रस्ता. चंद्राचा उजेड. कुणी नाही.

पुन्हा आरसा. फडकं.

पुन्हा पडदा... नाही.

आणि मागे काही असलं की वाजतं ना, ते वाजायला लागलं. टीं. टीं. टीं.

गाडी वर जाईना. त्यानं वळवली, आणि खाली मात्र ती गेली. निमूट गेली. घाट उतरला तरी टीं. डांबरी रस्ता सुटला तरी टीं. कोळदरीच्या फाट्यावर त्यानं मला फोन केला. अकरा वाजून दहा मिनिटं. पुणेरी पार गळून पडलेली.

"मामा... मांगं कोनतरी हाय. मामा, दगड कसा बसवाचा असते?"

पोरांनो, मी शिक्षक माणूस. विचारलं की सांगायचं, हा माझा धर्म. मी काय म्हणालो माहीत आहे?

मी म्हणालो, "अहो जावईबापू, माझी माहिती जुनी आहे." आणि फोन ठेवला.

हसू नकोस, भागवत. मी पण हसलो होतो. पांघरूण ओढून घेतलं आणि अंधारात एकटाच हसलो. दहा मिनिटं. मग पलीकडच्या खोलीत सुचिता कूस बदलताना कण्हली, आणि माझं हसू गेलं. त्या फजितीत तिचं कुंकू होतं, तिचं लेकरू होतं. मी त्याला फोन लावला. वाजला. उचलला नाही. बारा वेळा लावला.

शकीलला उठवलं. अरसलान, तुझ्या बापाला. तू तेव्हा शाळेत असशील. त्याची गाडी पंक्चर, स्टेपनीत हवा नाही. निघायला साडेपाच वाजले.

कोळदरीला पोचलो तेव्हा उजाडत होतं. राजकुमारची गाडी त्याच उतारावर उभी होती. दार उघडं. गिअर नाही. हँडब्रेक खाली. चाकाला काही लावलेलं नाही. शकीलनं बोनेटवर हात ठेवून जरा ढकलून पाहिलं. इंचभर हलली नाही.

आणि राजकुमार कुठं होता?

धुऱ्यात.

भगदाडात पाठ घालून बसला होता. गुडघे पोटाशी. पाय रोवलेले. बूट मातीत गेलेले. खांद्यांवरून माती ओघळत होती, बारीक बारीक. डोळे उघडे. समोर शालूबाई कंदील घेऊन बसली होती. आपलं घोंगडं तिनं त्याच्यावर टाकलं होतं.

"रातभर धरलं बापूनं," ती म्हणाली. "आला तवा माती धो-धो सुटली होती. अंधारात नाल्यातला दगड काही घावला नाही. मंग हा सोता बसला. मी म्हनलं ऊठ, मरशीन. तं म्हने, उठू देत नाही."

कोण उठू देत नाही, ते तिनं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

शकील नाल्यात उतरला. दगड सापडला, बघितला, पण हात लावला नाही. आम्ही दोघांनी राजकुमारला काखेत धरून उठवलं आणि तिथवर नेलं. तो दगड त्यानं स्वतः उचलला. स्वतः वर आणला. चपटी बाजू आत. मी शेजारी उभा राहून सांगत होतो, जे आदल्या दिवशी चहा पिताना सांगायचं होतं ते. त्याचे हात सोललेले होते. दगड बसला. माती ओघळायची थांबली. लगेच. नळ बंद करावा तशी.

शालूबाईनं दगडाला हात लावून कपाळाला लावला. "बसले," ती म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. संपलं, असं मला वाटलं. राजकुमारला गाडीत निजवून आम्ही परत आलो, तेव्हा मी धुऱ्याकडे पाहिलं.

पंजाबरावांच्या दगडाला लागून आणखी एक दगड होता.

शालूबाई कंदील खाली ठेवून पुढं झाली. चाळीस वर्षं तिनं तो धुरा सारवलेल्या अंगणासारखा जपलेला. कुठला दगड कुणाचा, ते ती डोळे मिटून सांगते. ती बघत राहिली. "हा आपला नाही," म्हणाली. एवढंच.

राजकुमार ज्या जागी रात्रभर पाठ लावून बसला होता, त्याच्या डाव्या बाजूला. नवा दगड. घट्ट बसलेला. त्यावर चुन्याचा पंजा. उजव्या हाताचा.

साडेचार बोटं.

...

राजकुमार जिवंत आहे. चांगला धडधाकट आहे. पुढच्याच जानेवारीत मुलगी झाली, रेणुका, आता चार वर्षांची आहे. झोपड्यांचं खूळ गेलं. प्लॉट विकतो, पुणेरी बोलतो, माझ्या मते अजून तेवढाच मूर्ख आहे. पण गाडीत लाकडाचा ठोकळा ठेवतो, आणि उताराला गाडी उभी केली की त्यावर हात ठेवून बसून राहतो, उतरत नाही. आणि मी त्याचा फोन कधी वाजू देत नाही. पहिल्या घंटीला उचलतो. बारा वाजले असोत नाहीतर तीन. जावई आहे माझा. माझ्या तोंडातून वेळेवर चार शब्द निघाले असते तर तो दगड तिथं नसता, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

तो दगड त्याला दाखवलेला नाही. सुचितालाही नाही. तेव्हा तो गाडीत डोळे मिटून पडला होता. अरसलान, तुझ्या बापाला विचार. तो सांगणार नाही, पण विचार.

पहिल्या पावसाळ्यात पंजा धुऊन जातो, असं मी म्हणालो ना? त्याला आता चार पावसाळे झाले. दरवर्षी मी एकदा जाऊन बघून येतो. आधी वाटायचं, पुसला गेला तर बरं. मग आठवलं, पंजा गेला की गावात काय म्हणतात ते. आता वाटतं, राहू दे. राहू दे तसाच.

आज सकाळी गेलो होतो. वर तूर उभी आहे, शालूबाई बरी आहे. मी दगडापाशी बसलो. आजवर कधी हात लावला नव्हता. आज काय झालं कुणास ठाऊक, पंजाच्या करंगळीच्या जागी बोटाचं टोक लावून पाहिलं.

अरसलान, बॅटरी मार इकडे. माझ्या हातावर नाही, बोटावर. ह्या.

सकाळपासून चारदा धुतलं. साबणानं. चुना जात नाही.

हात लाव, भागवत. लाव ना... ओलं आहे की नाही?